कॉम्प्युटर ‘मेला’ म्हणण्याआधी

आपल्या कॉलेजात कोणालाही विचारून बघा, “अरे, माझा पीसी चालूच होत नाहीये, काय झालं असेल?” उत्तर ठरलेलं आहे. “एसएमपीएस उडाला.” ते नसेल तर “मदरबोर्ड गेला.” गंमत म्हणजे ही दोन्ही उत्तरं द्यायला डबा उघडावाही लागत नाही.

कल्याणमध्ये असं उत्तर मिळालं तर फारसं बिघडत नाही. पाच मिनिटांवर दुकान असतं, नाहीतर लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठता येतो. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आतल्या गावांत याच उत्तराचा अर्थ वेगळा होतो. तिथे डबा गोणीत गुंडाळायचा, एसटीत मांडीवर घ्यायचा, कल्याणला न्यायचा, दोन दिवसांनी आणायला परत जायचं. एका माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि चार वेळचं तिकीट! म्हणून बहुतेक वेळा तो डबा नेलाच जात नाही. कपाटावर चढतो आणि रजिस्टरमध्ये एक शब्द लिहिला जातो, ‘बंद’.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की ‘बंद’ हे निदान नाही. वीज भिंतीपासून मदरबोर्डपर्यंत एका वाटेने जाते. ती त्या वाटेवर नेमकी कुठपर्यंत पोचते आणि कुठे थांबते, एवढं शोधलं की निम्मी दुरुस्ती झाली. ही वाट टेक्स्टबुकात आहे, पण एकाच धड्यात नाही. थोडी बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये, थोडी इलेक्ट्रॉनिक्समध्ये. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ‘न्यूट्रल’ला मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका. गावातले वायरमनही न्यूट्रलच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार.

चार बंद डबे

गेल्या हिवाळ्यात आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावरून आत गेलेल्या एका गावात होतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत देणगीतून आलेले सहा कॉम्प्युटर होते. त्यातले दोन चालू आणि चार ‘बंद’. आठवीपर्यंतची मुलं दोन कॉम्प्युटरभोवती एकमेकांच्या खांद्यावरून बघत उभी राहायची. कोणीतरी बघून “चारही मदरबोर्ड गेले” असं सांगून गेलं होतं. आता त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे डेडस्टॉकमधून कायमचं नाव कमी करण्याचा कागद तयार होता. पुढच्या आठवड्यात तो पंचायत समितीत जाणार होता.

हेडसर म्हणाले, “तुम्ही इंजिनीअरिंगची पोरं ना? एकदा बघून तर घ्या. नाहीतरी भंगारातच जायचेत.”

आमच्याकडे होतं काय? एक मल्टीमीटर, एक टेस्टर, एक स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा एक नवा ब्रश आणि खोडरबर. आम्ही मल्टीमीटर काढला तेवढ्यात एक मुलगा मागून ओरडला, “ताई, त्याला हात नका लावू, त्याच्यात करंट हाय!” तो अगदी बरोबर बोलत होता. त्याचं कारण पुढे येईल.

पायरी १ : भिंत

सुरुवात डब्यापासून नाही, भिंतीपासून करायची. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि नियमाप्रमाणे ती ६ टक्के वर-खाली चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. डेस्कटॉपचा एसएमपीएस त्याहून सोशिक असतो. एटीएक्सच्या नियमावलीप्रमाणे २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसने १८० ते २६५ व्होल्टपर्यंत काम करायला हवं. त्याच्या खाली गेलं की तो सुरू होत नाही किंवा मध्येच बंद पडतो.

आता इथे एक नवीनच अडचण झाली आहे. पूर्वी व्होल्टेज कमी झालं की पिवळा बल्ब मंद व्हायचा आणि घरातल्या सगळ्यांना कळायचं. आजचा एलईडी बल्ब बराच कमी व्होल्टेजवरही तसाच लख्ख जळतो. “लाईट तर आहे की!” म्हणून आपण डब्याला दोष देतो. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला, माझ्या आजोळच्या गावात, ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर सकाळी चालू व्हायचा नाही आणि दुपारनंतर मुकाट्याने चालायचा. दुकानदार दादांनी एसएमपीएस बदलला तरी तेच. शेजारी पिठाची गिरणी होती. सकाळी दळणाची गर्दी, गिरणीची मोटर चालू, आणि लांबवरून आलेल्या बारीक वायरवर व्होल्टेज १७० पर्यंत खाली! मोटर थांबली की परत २२०. मामाने वायरमनला बोलावून दुकानाचं कनेक्शन दुसऱ्या फेजवर घेतलं आणि प्रश्न मिटला. कॉम्प्युटरला काहीच झालं नव्हतं.

मोजताना काळजी : मल्टीमीटर एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर, बहुधा ७५० व्होल्टवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, ते दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात असली आणि तुम्ही सॉकेटमध्ये घातली तर सरळ शॉर्ट होईल. पायात चप्पल, हात कोरडे आणि सोबत दुसरा माणूस. हे जमणार नसेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

तीन मोजमापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०. फेज ते अर्थ साधारण तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडं, दोन-चार व्होल्ट. दुसरं मोजमाप शून्याच्या आसपास किंवा भलतंच आलं, तर अर्थिंग नाही असं समजा.

शाळेचा पहिला डबा इथेच सापडला. सॉकेटची पितळी पट्टी सैल होऊन आतून काळी पडली होती. हलवलं की वीज, सोडलं की गुल. नवीन सॉकेट बसवलं, डबा चालू झाला.

पायरी २ : यूपीएस

आपल्याकडे सगळं यूपीएसमधून जोडलेलं असतं. स्वस्त यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि त्यातले बरेचसे बॅटरी मेली की लाईट असूनही चालू होत नाहीत. लोक म्हणतात कॉम्प्युटर गेला. म्हणून यूपीएस बाजूला ठेवा आणि डबा थोडा वेळ थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. पॉवर कॉर्डही दुसऱ्या, चालू डब्याची लावून बघा. एसएमपीएसच्या मागे एक छोटा बटणवजा स्विच असतो, तो चालू आहे ना? काही जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल सरकता स्विच असतो. तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपली वीज दिली तर एसएमपीएस तिथेच फुटतो. मुलं मागे हात घालून हा स्विच सरकवतात, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

पायरी ३ : बटण म्हणजे स्विच नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पंख्याचं बटण वीज जोडतं आणि तोडतं. कॉम्प्युटरच्या पुढचं बटण तसं काही करत नाही. इंटेलने १९९५ साली एटीएक्स पद्धत आणली, तेव्हापासून हे बटण फक्त विनंती करतं. डबा ‘बंद’ असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार देत असतो. तिला स्टँडबाय म्हणतात, तिची वायर जांभळी असते. तुम्ही बटण दाबता, मदरबोर्ड ते ओळखतो आणि हिरवी वायर शून्य व्होल्टवर ओढतो. तो इशारा मिळाला की एसएमपीएस बाकीची वीज सोडतो : पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट. सगळं नीट आलं की एसएमपीएस करड्या वायरवरून ‘सगळं ठीक’ असा निरोप देतो. ठरल्याप्रमाणे हा निरोप सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या वेळात यायला हवा. तो आल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो.

म्हणजे डबा चालू न होण्याची कारणं ओळीने लावता येतात. स्टँडबाय नाही, किंवा विनंती पोचत नाही, किंवा विनंती पोचूनही वीज येत नाही, किंवा वीज येते पण ‘सगळं ठीक’ येत नाही. चारच घरं. आपला डबा कोणत्या घरात आहे, तेवढं शोधायचं.

डबा उघडा. बऱ्याच मदरबोर्डवर एक छोटा दिवा असतो. प्लग लावल्यावर तो पेटला तर स्टँडबाय आहे. दिवा नसेल तर मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून जांभळी आणि काळी वायर मोजा. ५ व्होल्ट आले तर बटण तपासा. पुढच्या बटणापासून आलेली दोन वायरींची छोटी कॅप मदरबोर्डवरून काढा (त्यावर बहुधा ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेलं असतं) आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. फक्त त्याच दोन पिना! डबा चालू झाला तर बिघाड फक्त बटणात आहे.

शाळेचा दुसरा डबा हाच निघाला. बटणाची वायर उंदराने कुरतडली होती. उपाय फुकट : रीसेटचं बटणही तसंच, दाबलं की जोडणारं आणि सोडलं की तोडणारं असतं. त्याची कॅप काढून पॉवरच्या पिनांवर बसवली. आता तो डबा रीसेटच्या बटणाने चालू होतो. मुलांना एका मिनिटात सवय झाली.

पायरी ४ : एसएमपीएस

स्टँडबायच नसेल, किंवा असूनही काही होत नसेल, तर एसएमपीएस एकटा तपासायचा. आधी प्लग काढा. मग एसएमपीएसचे सगळे कनेक्टर मदरबोर्ड आणि ड्राइव्हवरून सोडवा. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी, या दोन भोकांत वायरचा यू आकाराचा तुकडा घाला. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी १६ व्या जागी असते, जुन्या २० पिनांच्यात १४ व्या. आता प्लग लावून चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा होतो. काहींना थोडा भार लागतो, म्हणून एखादा जुना सीडी ड्राइव्ह जोडून ठेवा.

पण पंखा फिरला म्हणजे पास नाही! मोजा. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यायला हवेत, म्हणजे ५ टक्के वर-खाली. यात बसत नसेल तर एसएमपीएस बदला.

आणि बदलाच, उघडू नका. आत शिरल्यावर २३० व्होल्ट एसी सरळ केली जाते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठते. प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथेच बसून असते. एसएमपीएसच्या डब्यावरचे चार स्क्रू ही लक्ष्मणरेषा समजा.

तिसऱ्या डब्यात जांभळ्या वायरवर शून्य होतं आणि जाळीतून जळका वास येत होता. म्हणजे याचा एसएमपीएस खरंच गेला होता. इथे ‘एसएमपीएस उडाला’ हे उत्तर बरोबर निघालं, फक्त मोजून.

पायरी ५ : एकेक करून काढा

एसएमपीएस एकटा चालतो आणि मदरबोर्ड जोडला की गप्प बसतो, किंवा पंखा एक झटका देऊन थांबतो, तर कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. प्लग काढून सगळं सोडवा : हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, कार्डं, समोरचे यूएसबी. बोर्डाखाली एखादा सुटा स्क्रू अडकला आहे का बघा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढंच ठेवून चालू करा. चालला तर एकेक वस्तू परत लावा. जिच्यानंतर बंद पडला, ती गुन्हेगार. प्रत्येक वेळी आधी प्लग काढायचा, हे विसरू नका.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, हा वेगळा आजार आहे. तिथे प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर लागलाय का ते बघा आणि रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसा. शेवटी बोर्डावरचे छोटे उभे कपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी चिकट आलेलं असेल तर बोर्ड आजारी आहे. साधारण २००० ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते आणि जगभर असे बोर्ड मेले.

चौथा डबा तसाच होता. पाच कपॅसिटर फुगलेले. म्हणजे चारपैकी एकाच डब्याचा मदरबोर्ड खरोखर गेला होता. त्याचा एसएमपीएस मात्र उत्तम होता. हेडसरांनी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करून सही केली आणि मगच तो काढून तिसऱ्या डब्यात बसवला. निर्लेखनाच्या कागदावर चाराच्या जागी एक आकडा आला. शाळेत आता पाच कॉम्प्युटर चालतात. खर्च झाला तो एका सॉकेटचा.

‘त्याच्यात करंट हाय’

त्या मुलाचं म्हणणं राहिलं. एसएमपीएसमध्ये आवाज गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग नीट असेल तर तिथून येणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्या मध्ये, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो आणि हात लावला की मुंग्या येतात. हा प्रवाह फार लहान असतो, पण तो एक गोष्ट नक्की सांगतो : या खोलीला अर्थिंग नाही. उद्या खरंच फेज पत्र्याला टेकली तर वाचवायला काही नाही. शाळेत नेमकं तसंच होतं. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला होतं.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि तो ओला ठेवतात, कारण कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतलं सगळ्यात मोठं भातसाच. तरी इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओता म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. पण भांडी धुतलेलं पाणी चालतं, ते तिकडे वळवता येईल.

इथेच का जास्त?

पावसाळ्यात झाड पडतं, वायर तुटते, डीपी उडतो. एमएसईबी २००५ मध्ये विभागली जाऊन महावितरण झाली, पण गावात अजून “एमएसईबीला फोन लाव” असंच म्हणतात. सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. तीन फेजचा समतोल न्यूट्रल राखतो. तो तुटला की एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्या फेजवर ४०० च्या दिशेने चढतं. एसएमपीएस तेव्हाच जातात. म्हणून बल्ब अचानक भगभगला किंवा पंखा जोरात पळाला, तर आधी मेन स्विच बंद. लाईट गेली की प्लग काढायचा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून लावायचा.

चार महिने दमट हवा असते. पाल, मुंग्या, कुंभारीण माशीचं मातीचं घर, सगळं डब्यात सापडतं. मागच्या मोकळ्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद करा. पावसाळ्यात डबा आठवड्यातून दोनदा तासभर चालवा, आतली ओल उबेने जाते. झाकून ठेवायचा असेल तर सुती कापड घ्या, प्लास्टिकच्या आत पाणी धरतं.

शेवटचं

गावात कॉम्प्युटर कशाला, असं आता कोणी म्हणू नये. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड सरांच्या प्रयत्नांतून डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर माहीत झाली. मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. यंत्रं पोचतात. पण प्रत्येक यंत्र शेवटी भिंतीतल्या त्या तीन भोकांवर अवलंबून असतं, आणि तिथे मीटर लावून बघणारं माणूस जवळपास नसतं.

ते माणूस आपण होऊ शकतो. पुढच्या शिबिराला जाताना मल्टीमीटर, टेस्टर, वायरचा तुकडा, ब्रश आणि एक जुना चालू एसएमपीएस पिशवीत टाका. आणि निघताना प्रत्येक डब्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, भिंतीचं व्होल्टेज, अर्थिंग आहे की नाही, जांभळी, पिवळी, लाल, नारिंगी किती. पुढच्या वेळी डबा अडला तर जो कोणी उघडेल, त्याला ‘बंद’ या एका शब्दाऐवजी सात ओळी वाचायला मिळतील. तिथून पुढचं काम तो करेल.